दगड, माती आणि लुई अगासी: हिमयुग जगाला पटवून देणारा माणूस माणसांच्या बाबतीत कसा चुकला?

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल. अमेरिकेत अशा यादीत मातीलाही जागा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याची माती आहे पॅक्स्टन. बोस्टनच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर पॅक्स्टन नावाचं छोटं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. सफरचंदाच्या बागा, मका आणि गवताची कुरणं या मातीत चांगली येतात. पोयट्याची माती, पाण्याचा निचरा चांगला, पण नांगर घातला की दगडच दगड.

गंमत म्हणजे ही माती तिथल्या खडकातून जागच्या जागी तयार झालेली नाही. ती बर्फाने आणून टाकली आहे. आज शाळेतली मुलंही हे शिकतात. पण २०० वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं, तर मोठमोठे शास्त्रज्ञ त्याला हसले असते. हसलेही.

ज्या माणसाने हे हसू बंद केलं त्याचं नाव लुई अगासी. १९व्या शतकातला अमेरिकेतला सगळ्यात लोकप्रिय शास्त्रज्ञ. आणि आज ज्याचं नाव शाळांवरून, वस्त्यांवरून पुसलं जातंय, असाही शास्त्रज्ञ. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून ही गोष्ट मुळापासून बघायला हवी.

माशांचा डॉक्टर

२८ मे १८०७. स्वित्झर्लंडमधल्या मोतिए या गावात एका पाद्र्याच्या घरी लुईचा जन्म झाला. घरच्यांना वाटत होतं की पोराने डॉक्टर व्हावं. पोराचं लक्ष मात्र तळ्यातल्या माशांकडे. झुरिक, हायडेलबर्ग आणि म्युनिकला तो शिकला. १८२९ मध्ये त्याने तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट घेतली आणि १८३० मध्ये घरच्यांच्या समाधानासाठी वैद्यकीचीही पदवी घेतली. दवाखाना काही टाकला नाही.

तिथून तो पॅरिसला गेला. तिथे जॉर्ज कुव्हिए हे प्राणिशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. कुव्हिए या पोरावर इतके खूश झाले की जीवाश्म माशांवरचं स्वतः जमवलेलं साहित्य त्यांनी त्याच्या हवाली केलं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनीही त्याला हात दिला. १८३२ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, अगासी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलमध्ये प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षापासून त्याचा जीवाश्म माशांवरचा ग्रंथ भागाभागाने निघू लागला. युरोपभर नाव झालं.

म्हणजे बर्फाशी त्याचा तोवर काडीचाही संबंध नव्हता.

डोंगरातल्या माणसाला आधीच माहीत होतं

न्यूशातेलच्या वरच्या डोंगरउतारावर एक प्रचंड धोंडा आहे. त्याचं नाव पिएर आ बो. हा धोंडा ग्रॅनाइटचा, आणि सभोवतालचा डोंगर चुनखडीचा. असा ग्रॅनाइट सापडतो तो आल्प्समध्ये, मोंट ब्लांकच्या बाजूला. मधे अख्खं खोरं पसरलेलं. मग एवढा धोंडा इकडे आला कसा?

त्या काळातलं उत्तर ठरलेलं होतं. महापूर आला, त्याने वाहून आणला. काहींच्या मते बायबलमधला नोहाचा पूर, तर काहींच्या मते समुद्रात तरंगणारे हिमखंड. उत्तर युरोपात शेतांखाली जी दगडगोट्यांची, वाळूची आणि चिकणमातीची सरमिसळ सापडायची, तीही पुराच्याच खात्यावर मांडली जायची.

आल्प्सच्या खोऱ्यातल्या लूर्तिए गावचा जाँ-पिएर पेरोदाँ हा शिकारी आयुष्यभर हिमनद्यांच्या अंगाखांद्यावर फिरला होता. बर्फ सरकताना खडकावर कसे ओरखडे पाडतो, आणि मागे हटताना दगडांची रास कशी टाकून जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच ओरखडे आणि त्याच राशी त्याला खोऱ्यात खूप खालीही दिसायच्या. म्हणजे कधीकाळी बर्फ तिथवर असणार, असा त्याचा साधा हिशेब. १८१५ मध्ये त्याने तो मिठाच्या खाणींचे संचालक जाँ द शार्पांतिए यांना सांगितला. त्यांना ते पटलं नाही. इग्नाझ व्हेनेट्स या अभियंत्याने मात्र हे मनावर घेतलं, खोरी तपासली आणि पुरावे जमवले. अखेर शार्पांतिएही वळले आणि १८३४ मध्ये त्यांनी ही कल्पना शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

१८३६ च्या उन्हाळ्यात अगासी शार्पांतिएंच्या गावी, बे इथं मुक्कामाला गेला. हेतू एकच, मित्राचं हे खूळ खोडून काढायचं. शार्पांतिए त्याला रोज डोंगरात घेऊन जायचे आणि खडक दाखवायचे. उन्हाळा संपेपर्यंत अगासीचं मत पूर्ण फिरलं होतं. आणि तो शार्पांतिएंच्याही पुढे गेला. बर्फ फक्त आल्प्सपुरता नव्हता, त्याने उत्तर युरोप झाकून टाकला होता, असं तो म्हणू लागला.

मासे ऐकायला आलेल्या लोकांना बर्फ ऐकवला

२४ जुलै १८३७. न्यूशातेलमध्ये स्विस निसर्गशास्त्र संस्थेचं अधिवेशन होतं आणि अध्यक्ष होता ३० वर्षांचा अगासी. लोक जीवाश्म माशांवरचं भाषण ऐकायला आले होते. त्याने थेट बर्फाचा विषय काढला. पृथ्वीवर एक प्रचंड थंडीचा काळ येऊन गेला, हे त्याने भर सभेत मांडलं. हिमयुग हा शब्द त्याचा मित्र कार्ल शिम्पर याने नुकताच त्याच वर्षी वापरला होता.

सभेत गोंधळ झाला. लिओपोल्ड फॉन बुख यांच्यासारखे बुजुर्ग भूवैज्ञानिक भडकले. खुद्द हुम्बोल्ट यांनी पत्र लिहून सल्ला दिला की हे सोड आणि माशांकडे परत जा.

अगासी माशांकडे गेला नाही, तो हिमनदीवर राहायला गेला. १८४० मध्ये उंटरआर हिमनदीवरच्या एका मोठ्या धोंड्याखाली त्याने मुक्काम ठोकला. सोबतच्यांनी त्या आडोशाला थट्टेने न्यूशातेलवाल्यांचं हॉटेल असं नाव दिलं. बर्फात खांब रोवून तो किती सरकतो ते मोजलं. हिमनदी कडेला सावकाश आणि मधोमध वेगाने सरकते, हे आकड्यांनी दाखवलं. एकदा तर दोराला लटकून तो हिमनदीतल्या खोल विवरात उतरला आणि खालच्या गारठणक पाण्यात पाय बुडाल्यावर वर आला. बर्फाचं पोट आतून कसं असतं, हे त्याला बघायचं होतं.

त्याच वर्षी हिमनद्यांवरचं त्याचं पुस्तक आलं. शार्पांतिएंचं पुस्तक त्याच विषयावर तयार होत होतं, ते काही महिन्यांनी, १८४१ मध्ये निघालं. तोवर नाव अगासीचं झालं होतं. शार्पांतिए दुखावले. आपल्या श्रेयावर पाणी पडलं म्हणून शिम्परशी तर कायमचं बिनसलं. आणि पेरोदाँ? तो होता तिथेच, डोंगरात.

मग ही माती नेमकी बनते कशी?

१८४० मध्येच अगासी ब्रिटनला गेला. विल्यम बकलँड यांच्यासोबत त्याने स्कॉटलंड पालथं घातलं. स्कॉटिश शेतकरी दगडगोट्यांनी भरलेल्या घट्ट जमिनीला टिल म्हणायचे. हे टिल पुराने आणलेलं नसून बर्फाने ठेवलेलं आहे, हे अगासीने ओळखलं. पुढे हाच शेतकऱ्यांचा शब्द भूशास्त्राने उचलला.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. पाणी आणि वारा निवड करतात. नदीला पूर आला की जड गोटे आधी थांबतात, मग वाळू, आणि गाळ सगळ्यात शेवटी बसतो. वारा तर फक्त बारीक धूळ उचलतो. बर्फ असली निवड करत नाही. घराएवढा धोंडा, मूठभर गोटा, वाळू, पिठासारखा गाळ आणि चिकणमाती, सगळं तो एकत्र ओढत नेतो आणि एकत्रच टाकतो. शिवाय खालचा खडक जात्यासारखा दळतो. म्हणून टिलमध्ये थर दिसत नाहीत, दगडांचे कोपरे पूर्ण गोल झालेले नसतात आणि अनेकांवर ओरखडे असतात.

आता शेतीच्या नजरेने बघा. नुसती वाळू असेल तर पाणी हातातून निसटतं. नुसती चिकणमाती असेल तर पाणी तुंबतं आणि मुळं गुदमरतात. वाळू, गाळ आणि चिकणमाती हिशेबात मिसळली की पोयटा होतो. त्यातून जादा पाणी निघून जातं, गरजेपुरती ओल राहते, हवा खेळती राहते. आपल्याकडचा शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती अवस्था अशा जमिनीत लवकर येते. बर्फाने फिरवलेल्या टिलचा वरचा थर अनेक ठिकाणी नेमका असाच पोयट्याचा आहे. टेकडीच्या उतारावर असेल तर निचरा आणखी चांगला.

पॅक्स्टनचं उदाहरण घ्या. वर साधारण वीतभर गडद तपकिरी, बारीक वाळूमिश्रित पोयटा. त्याखाली फिकट तपकिरी थर, तोही मोकळा. मग सुमारे ५० ते १०० सेंटीमीटरवर अचानक कुदळ अडते. हा घट्ट टिलचा थर. किलोमीटरभराहून जाड बर्फाने स्वतःच्या वजनाखाली दाबून, रगडून तो बसवला आहे. त्यातून ना मुळं सहज जात, ना पाणी. वसंतात बर्फ वितळला की या थराच्या वर काही काळ पाणी साचून राहतं. तिथे घर बांधणाऱ्याला सांडपाण्याचा शोषखड्डा कुठे काढायचा, हा प्रश्न आजही या थरामुळेच पडतो. माती मुळात आम्ल, त्यामुळे चुना घालावा लागतो.

आणि दगड? ते संपतच नाहीत. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड हळूहळू वर ढकलले जातात. शेतकऱ्याने यंदा शेत साफ केलं, की पुढच्या वसंतात नवे दगड हजर. न्यू इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेने दगडी गडग्यांच्या रांगाच रांगा दिसतात, त्या या वेचलेल्या दगडांच्याच.

बर्फाची ही सही ओळखता आल्यावर लोकांना ती जगभर दिसू लागली. भारतातही. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर इथं भूवैज्ञानिकांना गोट्यांचे असेच सरमिसळ थर सापडले. पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी इरईजवळ, अशा थरांखालच्या चुनखडीवर बर्फाचे ओरखडे नोंदवले गेले. हा बर्फ मात्र अगासीच्या हिमयुगाचा नाही, तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे त्याचा आता खडक झालाय. चंद्रपुरात उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होते, तिथे कधीकाळी हिमनदी होती.

अमेरिकेने डोक्यावर घेतलं

१८४६ मध्ये प्रशियाच्या राजाच्या मदतीने अगासी अमेरिकेला निघाला. जहाज हॅलिफॅक्सला थांबलं, तेव्हा तो उतरून सरळ खडकांकडे गेला. तेच गुळगुळीत पृष्ठभाग, तेच ओरखडे. समुद्रापलीकडेही बर्फ होता, याची त्याला खात्री पटली.

बोस्टनमध्ये त्याची व्याख्यानं तुफान चालली. बोलायचा गोड, फळ्यावर चित्रं भराभर काढायचा. १८४७ मध्ये हार्वर्डने त्याला प्राध्यापक केलं. पहिली बायको सेसिल १८४८ मध्ये वारली. १८५० मध्ये त्याने बोस्टनच्या एलिझाबेथ कॅरीशी लग्न केलं, ज्या पुढे रॅडक्लिफ कॉलेजच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १८५९ मध्ये त्याने हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्राचं मोठं संग्रहालय उभं केलं.

शिकवण्याची पद्धतही वेगळी. नव्या विद्यार्थ्याला एक मेलेला मासा द्यायचा आणि निघून जायचा. पुस्तक नाही, भिंग नाही. फक्त बघत राहायचं. विद्यार्थी तासाभरात कंटाळायचा, तर अगासी त्याला आणखी दिवसच्या दिवस त्याच माशासमोर बसवायचा. जे समोर आहे ते नीट बघ, एवढाच धडा.

आणि इथेच तो स्वतः नापास झाला

अमेरिकेत आल्यावर अगासीने आयुष्यात पहिल्यांदा कृष्णवर्णीय माणसं जवळून पाहिली. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत त्यांच्याविषयीची किळस उघड दिसते. हळूहळू त्या किळसेवर त्याने शास्त्राचा मुलामा चढवला. माणसाचे वंश वेगवेगळे निर्माण झाले, आणि गोरे त्यात वरचढ, असं तो मांडू लागला. गुलामगिरीला आपला विरोध आहे असं तो सांगायचा, पण गुलामगिरीच्या समर्थकांना हवा तो दारूगोळा हार्वर्डच्या शिक्क्यासह मिळाला.

१८५० मध्ये त्याच्या सांगण्यावरून साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया इथं गुलामीत असलेल्या सात स्त्री-पुरुषांचे फोटो काढले गेले. त्यांचे कपडे उतरवून, नमुने असल्यासारखे. त्यांची परवानगी कुणी विचारली नाही. विचारली असती तरी नाही म्हणायचा हक्क त्यांना नव्हता. हे फोटो १९७६ मध्ये हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. त्यातल्या रेंटी नावाच्या माणसाची वंशज असल्याचं सांगणाऱ्या एका महिलेने २०१९ मध्ये हार्वर्डला कोर्टात खेचलं. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हे फोटो साउथ कॅरोलिनातल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे सोपवायचं हार्वर्डने मान्य केलं.

मासा दिवसभर बघायला लावणारा हा माणूस, समोरची जिवंत माणसं मात्र बघू शकला नाही.

ब्राझीलमधला भास

१८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं. अगासी कट्टर विरोधक. प्रत्येक जीव देवाने जसाच्या तसा निर्माण केला, एकातून दुसरा झाला नाही, हे त्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. हिमयुगही त्याच्या दृष्टीने या मताचा पुरावा होतं. बर्फाने सगळी जीवसृष्टी पुसली आणि देवाने नव्याने मांडली, मग उत्क्रांतीची साखळी उरतेच कुठे?

पण त्यासाठी बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचायला हवा होता. १८६५ मध्ये अगासी मोठा लवाजमा घेऊन ब्राझीलला गेला. जे शोधायचं ते निघण्याआधीच ठरलेलं होतं, आणि रिओजवळ उतरल्यावर ते त्याला लगेच दिसलंही. लाल माती आणि तिच्यात बुडालेले गोल धोंडे. हे टिलच, असं त्याने जाहीर केलं.

ते टिल नव्हतं. उष्ण, दमट हवेत खडक जागच्या जागी कुजतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो आणि मधे गोल गाभा उरतो. आपल्या सह्याद्रीत रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे असे गोल गाभे सहज दिसतात. त्या धोंड्यांवर ओरखडे नव्हते, दूरवरून आलेला परका दगड नव्हता. ज्या खुणा अगासीने स्वतः जगाला शिकवल्या होत्या, त्या तिथे नव्हत्याच. त्याच्यासोबत गेलेल्या भूवैज्ञानिक चार्ल्स हार्टनेही पुढे हे मत सोडून दिलं. अगासीने सोडलं नाही.

मागे काय राहिलं?

१८७३ च्या उन्हाळ्यात त्याने पेनिकीझ बेटावर शिक्षकांसाठी निसर्गाची शाळा भरवली. स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश होता. त्याच वर्षी १४ डिसेंबरला तो गेला. तोवर त्याचे बरेचसे विद्यार्थी, आणि खुद्द त्याचा मुलगा अलेक्झांडर, विज्ञानात त्याच्या वाटेपासून दूर गेले होते.

त्याचा विद्यार्थी नॅथॅनियल शेलर हार्वर्डमध्ये भूशास्त्र शिकवू लागला आणि १८९१ मध्ये त्याने मातीची उत्पत्ती आणि स्वरूप यावर मोठा ग्रंथ लिहिला. हार्वर्डच्या याच वर्गांतून १८९०च्या दशकात कर्टिस मारबट नावाचा तरुण बाहेर पडला. त्याने पुढे अमेरिकेच्या माती सर्वेक्षणाचं नेतृत्व केलं. शेतोशेती खड्डे काढून, थर मोजून, मातीला गावांची नावं देण्याचं काम याच सर्वेक्षणाने केलं.

हिमयुगाचा सिद्धांतही अगासीने सोडला तिथे थांबला नाही. बर्फ एकदाच नव्हे, अनेकदा आला आणि गेला. त्याने सगळं जीवन पुसलं नाही, आणि विषुववृत्तापर्यंत तो पोचलाही नाही. उत्तर अमेरिकेत हिमनद्यांच्या पाण्याने भरलेल्या एका प्रचंड प्राचीन सरोवराला १८७९ मध्ये लेक अगासी हे नाव दिलं गेलं, ते अजून आहे. केंब्रिजमधल्या अगासी शाळेचं नाव मात्र २००२ मध्ये बदललं. आता ती मारिया बाल्डविन यांच्या नावाने ओळखली जाते. या शाळेच्या त्या एकेकाळच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका. ज्यांना शिकवून उपयोग नाही असं अगासीला वाटत होतं, त्यांच्यातल्याच एक.

केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर संगमरवर नाही. स्वित्झर्लंडमधल्या आर हिमनदीने वाहून आणलेला एक ओबडधोबड धोंडा तिथून जहाजाने आणून ठेवलाय. बर्फाने आणलेले दगड बघायची सवय असलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला त्यात काहीच नवल वाटणार नाही.